लहान मुलांमधील तीव्र हिवताप (नागपूर व पूर्व विदर्भ)

तीव्र हिवताप (तीव्र मलेरिया) ही हिवतापाच्या जंतुसंसर्गाची प्राणघातक अवस्था होय. या अवस्थेत मेंदू, रक्त, मूत्रपिंड, फुप्फुसे यांपैकी एका किंवा अनेक अवयवांचे कार्य बिघडते. वेळेवर उपचार न मिळाल्यास रुग्ण बहुधा दगावतो. योग्य उपचार मिळूनही रुग्णालयात दाखल झालेल्या दर दहा रुग्णांपैकी एक ते दोन दगावू शकतात. पाच वर्षांखालील मुलांत ही अवस्था फार झपाट्याने येते. ताप आल्यापासून बेशुद्धीपर्यंतचा काळ कित्येकदा एक-दोन दिवसांचाच असतो.

महाराष्ट्रात या आजाराचा विचार करताना नागपूर शहराला विशेष महत्त्व आहे. पूर्व विदर्भातील आणि लगतच्या मध्य प्रदेश व छत्तीसगडमधील हिवतापग्रस्त वनप्रदेशांतून अत्यवस्थ मुले उपचारासाठी नागपूरच्या रुग्णालयांत आणली जातात. त्यामुळे पावसाळ्यात व त्यानंतर शहरातील बालरुग्ण विभागात जी साथ दिसते, तिचा उगम अनेकदा शहरापासून शेकडो किलोमीटर दूर असतो.

नाव व संज्ञा

'हीव' म्हणजे थंडी. हुडहुडी भरून येणारा ताप म्हणून 'हिवताप' हे नाव रूढ झाले. 'मलेरिया' हा शब्द मूळ इटालियन असून त्याचा अर्थ 'दूषित हवा' असा आहे. दलदलीच्या हवेमुळे हा रोग होतो, असा पूर्वी समज होता. १८८० मध्ये फ्रेंच लष्करी वैद्य शार्ल लाव्हेराँ यांनी रुग्णाच्या रक्तात या रोगाचे परजीवी पाहिले. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांना डासाच्या जठराच्या भित्तीत हे परजीवी आढळले आणि डासामार्फत रोग पसरतो या मताला भक्कम आधार मिळाला. रॉस यांना १९०२ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले.

मेंदूवर परिणाम करणाऱ्या तीव्र हिवतापास 'मेंदूचा हिवताप' किंवा 'सेरेब्रल मलेरिया' असे म्हणतात.

कारणे

हिवताप प्लाझ्मोडियम या एकपेशीय परजीवीमुळे होतो. मध्य भारतात त्याच्या दोन जाती प्रामुख्याने आढळतात : प्लाझ्मोडियम फॅल्सिपॅरम आणि प्लाझ्मोडियम व्हायव्हॅक्स. अ‍ॅनोफिलीस जातीच्या संसर्गित मादीने चावा घेतल्यावर परजीवी प्रथम यकृतात जातात, तेथे वाढतात आणि नंतर रक्तातील तांबड्या पेशींत शिरतात. फॅल्सिपॅरमच्या बाबतीत चावा आणि ताप यांत साधारणतः ९ ते १४ दिवसांचे अंतर असते.

तीव्र हिवतापाचे बहुसंख्य रुग्ण फॅल्सिपॅरमचे असतात. या परजीवीने ग्रासलेल्या तांबड्या पेशी चिकट बनतात व सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आतील अस्तराला धरून राहतात. वाहिन्या अरुंद झाल्यामुळे मेंदूसारख्या अवयवांना रक्त, प्राणवायू व साखर यांचा पुरवठा कमी पडतो. असंख्य परजीवी अशा रीतीने खोल वाहिन्यांत अडकलेले असल्याने बोटातून काढलेल्या रक्तात त्यांची संख्या कमी दिसूनही रुग्ण अत्यवस्थ असू शकतो.

व्हायव्हॅक्सचा ताप दीर्घकाळ सौम्य मानला गेला. तथापि राजस्थानातील बिकानेर येथून २००९ व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांनी, तसेच देशातील इतर रुग्णालयांच्या अनुभवाने हा समज बदलला. व्हायव्हॅक्समुळेही मुलांमध्ये तीव्र रक्तक्षय, श्वसनाचा त्रास व झटके उद्भवू शकतात. शिवाय व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात सुप्त राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ताप उलटतो.

मुलांना अधिक धोका का?

हिवतापाविरुद्धची प्रतिकारशक्ती वारंवार संसर्ग झाल्यावर हळूहळू येते आणि तीही अपुरीच असते. लहान मुलाला ती मिळालेली नसते. मुलांच्या शरीरातील साखरेचा साठा अल्प असल्याने ताप, उपासमार व उलट्या यांमुळे रक्तातील साखर लवकर घसरते. आधीच कुपोषण, जंत किंवा लोहाची कमतरता असेल तर तांबड्या पेशींचा थोडा नाशही घातक ठरतो. प्रौढांमध्ये कावीळ व मूत्रपिंडाचा बिघाड अधिक दिसतो. मुलांमध्ये झटके, बेशुद्धी, तीव्र रक्तक्षय आणि साखर कमी होणे ही लक्षणे अधिक आढळतात.

पूर्व विदर्भाच्या संदर्भात सिकलसेल या आनुवंशिक रक्तदोषाचा उल्लेख आवश्यक आहे. या भागातील काही समाजांत सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय असून मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाची नोंद १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली होती. आई-वडिलांपैकी एकाकडूनच हा दोष मिळालेल्या 'वाहक' मुलाला फॅल्सिपॅरमच्या तीव्र आजारापासून बरेचसे संरक्षण मिळते. उलट दोघांकडूनही दोष मिळालेल्या 'रुग्ण' मुलाला हिवताप झाल्यास रक्तक्षय एकाएकी वाढून जीव धोक्यात येतो. 'सिकलसेल असल्यास हिवताप होत नाही' हा समज त्यामुळे घातक आहे.

तीव्रतेचे निकष

रक्तात हिवतापाचे परजीवी सापडले असून पुढीलपैकी एकही लक्षण असल्यास तो तीव्र हिवताप समजला जातो :

• बेशुद्धी, अथवा हाक मारूनही मूल प्रतिसाद न देणे
• २४ तासांत दोनपेक्षा अधिक झटके
• आधाराशिवाय बसता न येण्याइतका किंवा अंगावर पिता न येण्याइतका अशक्तपणा
• जलद व खोल श्वास (रक्तातील आम्लता वाढल्याचे चिन्ह)
• १२ वर्षांखालील मुलांत हिमोग्लोबिन १०० मिलिलिटरमागे ५ ग्रॅम किंवा त्याहून कमी
• रक्तातील साखर १०० मिलिलिटरमागे ४० मिलिग्रॅमपेक्षा कमी
• परजीवींच्या मोठ्या संख्येसह कावीळ, मूत्रपिंडाचा बिघाड, फुप्फुसांत पाणी होणे, आपोआप रक्तस्राव किंवा रक्ताभिसरण कोलमडणे
• फॅल्सिपॅरमने ग्रासलेल्या तांबड्या पेशींचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असणे

लहान मुलाच्या बेशुद्धीची खोली मोजण्यासाठी 'ब्लँटायर' मापनश्रेणी वापरतात. मलावी देशातील ब्लँटायर या शहरावरून तिला हे नाव मिळाले. डोळ्यांची हालचाल, रडणे व वेदनेला दिलेला प्रतिसाद यांवरून ० ते ५ गुण दिले जातात. २ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे खोल बेशुद्धी.

नागपूर व पूर्व विदर्भ

भूप्रदेश व डास

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्याचा दोन-तृतीयांशांहून अधिक भाग वनाच्छादित आहे. भामरागड, एटापल्ली, धानोरा, कोरची, अहेरी इत्यादी तालुक्यांत माडिया व गोंड आदिवासींच्या विखुरलेल्या वस्त्या असून राज्यातील हिवतापाच्या रुग्णांत या जिल्ह्याचा वाटा अनेक वर्षे मोठा राहिला आहे. भंडारा व गोंदिया हे तलावांचे व धानाचे जिल्हे, चंद्रपूरचा वनपट्टा, तसेच सीमेपलीकडील बालाघाट व राजनांदगाव हा परिसर यांचाही या संदर्भात विचार करावा लागतो.

ग्रामीण भागातील प्रमुख वाहक अ‍ॅनोफिलीस क्युलिसिफेसीस हा डास धानाच्या बांध्या, नाल्यांतील साचलेले पाणी व खड्डे यांत वाढतो. वनातील संथ वाहत्या झऱ्यांत अ‍ॅनोफिलीस फ्लुव्हिआटिलिस आढळतो. शहरांतील वाहक अ‍ॅनोफिलीस स्टीफेन्सी हा असून तो विहिरी, उघड्या टाक्या आणि बांधकामाच्या जागी साठवलेले स्वच्छ पाणी पसंत करतो. नागपूरच्या कडक उन्हाळ्यात घरोघरी लागणारे कूलर पावसाळ्यात न रिकामे करता तसेच ठेवल्यास डासांना आयती जागा मिळते. डेंग्यूच्या डासांना ती विशेष मानवते.

ऋतुमान

मे महिन्यातील कोरड्या उष्णतेत डास फार काळ जगत नाहीत. पाऊस सुरू झाल्यावर हवेतील आर्द्रता वाढते व तापमान उतरते. मध्य भारतात व्हायव्हॅक्सचे रुग्ण पावसाळ्यात वाढू लागतात, तर फॅल्सिपॅरमचा जोर सामान्यतः सप्टेंबर ते डिसेंबर या काळात दिसतो. बालरुग्ण विभागातील तीव्र हिवतापाची गर्दी त्यामुळे पोळ्यापासून दिवाळीनंतरपर्यंत, म्हणजे धानाची निगा व कापणी यांच्या दिवसांत, अधिक असते. कापणीच्या काळात शेतावर किंवा जंगलातील झोपडीत मुक्काम करणारी कुटुंबे फवारणी झालेल्या घराबाहेर झोपतात आणि त्यांच्या मुलांचा धोका वाढतो.

नागपूरची रुग्णालये

शहरातील मेयो रुग्णालयाची परंपरा १८६२ पासूनची असून १९६८ मध्ये तेथे वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आज ते इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय म्हणून ओळखले जाते. १९४७ मध्ये स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय लोकांच्या बोलण्यात केवळ 'मेडिकल' म्हणून रूढ आहे. २०१८ पासून अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेची (एम्स) नागपूर शाखाही कार्यरत आहे. चंद्रपूर व गोंदिया येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाल्यावरही कृत्रिम श्वासोच्छ्वास, रक्तघटक किंवा डायलिसिस यांची गरज असलेली अनेक मुले नागपूरलाच पाठवली जातात.

रुग्णालयातील साथीचा अर्थ

एखाद्या ठिकाणी एखाद्या काळात नेहमीच्या अपेक्षेपेक्षा अधिक रुग्ण आढळल्यास त्यास साथ म्हणतात. शहरातील मोठ्या रुग्णालयात तीव्र हिवतापाची मुले एकाएकी वाढली, म्हणजे शहरात साथ आली असे ठरत नाही. अशा रुग्णालयात केवळ अत्यवस्थ मुले येतात. सौम्य ताप गावातच बरा होतो आणि वाटेत दगावलेल्या मुलांची नोंद तेथे होतच नाही. त्यामुळे रुग्णालयातील मृत्यूंच्या प्रमाणावरून त्या प्रदेशातील हिवतापाच्या घातकतेचा थेट अंदाज बांधता येत नाही.

काळाचा हिशोबही ध्यानात घ्यावा लागतो. डासाच्या शरीरात परजीवी तयार होण्यास सुमारे दहा ते चौदा दिवस, चाव्यानंतर ताप येण्यास आणखी तितकेच दिवस आणि तापापासून शहर गाठेपर्यंत काही दिवस जातात. रुग्णालयाच्या नोंदवहीत दिसणारे मूल अशा रीतीने महिन्याभरापूर्वी गावात सुरू झालेल्या प्रसाराची खबर देत असते. म्हणून प्रत्येक बालरुग्णाचे गाव, तापाचा पहिला दिवस, गेल्या महिन्यातील प्रवास व मुक्काम आणि पहिले औषध कोणत्या दिवशी मिळाले, ही माहिती नोंदवून जिल्हा हिवताप अधिकाऱ्यांना कळवणे महत्त्वाचे ठरते. त्या वस्तीत वेळीच रक्ततपासणी व फवारणी झाली तर पुढची मुले रुग्णालयापर्यंत येण्याची वेळ टळू शकते.

विलंब

तीव्र हिवताप हा मुळात साध्या हिवतापापासूनच सुरू होतो. पहिल्या दिवशी मिळालेल्या गोळ्यांनी जो ताप उतरला असता, तोच दोन-तीन दिवस वाया गेल्यावर बेशुद्धीत परिणत होतो. हा विलंब तीन टप्प्यांवर होतो.

पहिला टप्पा घरातला. ताप 'अंगातला' आहे की बाहेरच्या बाधेचा, याचा निर्णय होईपर्यंत वेळ जातो. दुर्गम भागात पुजाऱ्याकडे आधी जाणे यामागे श्रद्धा असते, तसेच तो जवळ असतो आणि दवाखाना दूर असतो हेही कारण असते.

दुसरा टप्पा वाटेचा. पर्लकोटा नदीला पूर येऊन पूल पाण्याखाली गेल्यामुळे भामरागडचा संपर्क तुटण्याचे प्रसंग अनेक पावसाळ्यांत आले आहेत. हिवतापाचा काळ आणि रस्ते बंद होण्याचा काळ काही अंशी एकच असतो. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय आणि शेवटी नागपूर अशी पायऱ्यांची साखळी आहे. प्रत्येक पायरीवर काही तास खर्च होतात.

तिसरा टप्पा दवाखान्यातला. रक्त न तपासता केवळ ताप उतरवणारे औषध किंवा सलाईन देऊन मूल घरी पाठवले, तर ताप तात्पुरता उतरतो आणि परजीवी वाढत राहतात.

हा विलंब कमी करण्यात गावपातळीवरील सेवेचा वाटा मोठा आहे. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी मेंदूच्या हिवतापाच्या अनेक रुग्णांवर अत्यंत अपुऱ्या साधनांनिशी उपचार केले. आज आशा कार्यकर्तीकडे तत्काळ निदानाची पट्टी व गोळ्या उपलब्ध करून देण्याचे धोरण आहे.

निदान

काचपट्टीवर घेतलेल्या रक्तनमुन्याची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी हा निदानाचा मूळ आधार होय. जाड थरावरून परजीवी आहेत की नाहीत हे कळते, तर पातळ थरावरून त्यांची जात ओळखता येते. रक्तनमुने रंगवण्यासाठी भारतात दीर्घकाळ वापरले जाणारे 'जेएसबी' रंजक जसवंत सिंग व भट्टाचार्जी या भारतीय संशोधकांनी तयार केले. तत्काळ निदान पट्टीने पंधरा-वीस मिनिटांत उत्तर मिळते. मात्र फॅल्सिपॅरमची पट्टी रोग बरा झाल्यावरही काही आठवडे होकारार्थी राहू शकते. पहिली तपासणी नकारार्थी आली तरी संशय कायम असल्यास ती काही तासांच्या अंतराने पुन्हा करावी लागते.

ताप, झटके व बेशुद्धी असलेले मूल म्हणजे मेंदूचा हिवतापच, असे गृहीत धरता येत नाही. नागपूर परिसरात इतर अनेक शक्यता असतात. चांदीपुरा विषाणू १९६५ मध्ये नागपूरच्या चांदीपुरा भागातील रुग्णांच्या रक्तात प्रथम सापडला व त्याच भागाचे नाव त्यास मिळाले. तो वालुमाशीमार्फत पसरतो आणि मुलांमध्ये काही तासांतच घातक ठरू शकतो. जपानी मेंदूज्वर, डेंग्यू, मेंदूच्या आवरणाचा दाह आणि २०१८ मध्ये विदर्भात मोठ्या प्रमाणावर आढळलेला स्क्रब टायफस यांचाही विचार करावा लागतो. हिवतापाची तपासणी सर्वांत सोपी आणि त्याचे औषध हाताशी असल्याने ती अशा प्रत्येक मुलात प्रथम केली जाते. परजीवी सापडले तरी सोबत दुसरा जंतुसंसर्ग असण्याची शक्यता उरतेच.

उपचार

तीव्र हिवताप ही तातडीची अवस्था असून उपचार रुग्णालयातच करावे लागतात. आर्टेसुनेटचे इंजेक्शन हे आज पहिल्या पसंतीचे औषध आहे. भारतासह आशियातील चार देशांत झालेल्या व २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत क्विनीन दिलेल्या रुग्णांपैकी २२ टक्के, तर आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी १५ टक्के दगावले. आफ्रिकेतील ५,४२५ मुलांवरील चाचणीत (२०१०) हे प्रमाण अनुक्रमे १०.९ व ८.५ टक्के होते. आर्टेमिसिनिन या मूळ द्रव्याच्या शोधासाठी चीनच्या तू यूयू यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार २० किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या मुलास दर किलोग्रॅममागे ३ मिलिग्रॅम, तर इतरांस २.४ मिलिग्रॅम इतकी मात्रा दाखल होताच, १२ तासांनी व २४ तासांनी आणि त्यानंतर दिवसातून एकदा दिली जाते. किमान २४ तासांनंतर मूल तोंडाने औषध घेऊ लागले की आर्टेमिसिनिनयुक्त संयुक्त गोळ्यांचा तीन दिवसांचा पूर्ण क्रम देतात.

औषधाइतकीच शुश्रूषाही महत्त्वाची असते. श्वासमार्ग मोकळा ठेवणे, झटके थांबवणे, साखर वारंवार तपासून ग्लुकोज देणे आणि तीव्र रक्तक्षयात रक्त चढवणे यांवर मुलाचे प्राण अवलंबून असतात. सलाईन मात्र बेताने द्यावी लागते. आफ्रिकेतील तापाच्या अत्यवस्थ मुलांवरील २०११ च्या चाचणीत, शिरेतून वेगाने द्रव दिलेल्या गटात मृत्यू अधिक झाले होते.

मोठ्या रुग्णालयात पोहोचण्यास वेळ लागणार असेल, तर पाठवण्यापूर्वी आर्टेसुनेटची पहिली मात्रा देणे हितकारक ठरते. ही मात्रा पूर्ण उपचार नव्हे. तिने केवळ प्रवासापुरता वेळ मिळतो. व्हायव्हॅक्स उलटू नये म्हणून प्रायमाक्विन दिले जाते. मात्र ते अर्भकांना, तसेच जी-६-पीडी या विकराची कमतरता असलेल्या मुलांना नेहमीच्या पद्धतीने देता येत नाही.

दूरगामी परिणाम

वाचलेली बहुतेक मुले पूर्ण बरी होतात. काहींमध्ये चालणे, बोलणे वा दृष्टी यांत दोष राहतो किंवा पुढे अपस्मार जडतो. युगांडात मेंदूच्या हिवतापातून वाचलेल्या मुलांची दोन वर्षांनंतर तपासणी केली असता सुमारे एक-चतुर्थांश मुलांच्या आकलन, स्मरण किंवा अवधान यांत उणीव आढळली. असे मूल शाळेत 'मंद' किंवा 'आळशी' ठरण्याची शक्यता असते. आजाराचा पूर्वेतिहास पालकांनी शिक्षकांस सांगणे आणि मुलाची तपासणी करून घेणे यासाठी आवश्यक आहे. आर्टेसुनेटनंतर काही रुग्णांत एक ते चार आठवड्यांनी तांबड्या पेशींचा नाश होत असल्याने घरी गेल्यावरही हिमोग्लोबिन तपासावे लागते.

नियंत्रण व प्रतिबंध

स्वातंत्र्याच्या वेळी भारतात दरवर्षी अंदाजे ७.५ कोटी लोकांना हिवताप होत असे व सुमारे ८ लाख मृत्यू होत. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम आणि १९५८ मध्ये निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला. डीडीटीच्या फवारणीने रोग इतका ओसरला की १९६५ मध्ये हिवतापाने एकही मृत्यू नोंदला गेला नाही. त्यानंतर शिथिलता, डासांमधील प्रतिरोध व साधनांचा तुटवडा यांमुळे रोग उलटला आणि १९७६ मध्ये सुमारे ६४ लाख रुग्णांची नोंद झाली. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय आराखड्यानुसार २०३० पर्यंत देशातून हिवताप हद्दपार करण्याचे उद्दिष्ट आहे.

कीटकनाशकयुक्त मच्छरदाण्या, घरांच्या आतील भिंतींवर फवारणी, साचलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडणे, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळणे आणि प्रत्येक तापाच्या रुग्णाची रक्ततपासणी हे नियंत्रणाचे मुख्य उपाय होत. फवारणीनंतर भिंती सारवल्यास औषधाचा थर झाकला जातो, म्हणून सणापूर्वीचे सारवण आणि फवारणी यांचा मेळ घालावा लागतो.

आरटीएस,एस (२०२१) व आर२१ (२०२३) या दोन लशींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी केली आहे. दोन्ही लशी फॅल्सिपॅरमविरुद्ध आहेत. आर२१ ही ऑक्सफर्ड विद्यापीठात विकसित झालेली लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते आणि आफ्रिकेतील मुलांना दिली जाते. भारताच्या राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात हिवतापाची लस समाविष्ट नाही. त्यामुळे येथील मुलांचे संरक्षण मच्छरदाणी, तापाच्या पहिल्याच दिवशी होणारी रक्ततपासणी आणि पूर्ण घेतलेला औषधक्रम यांवरच अवलंबून आहे.

हेही पहा

• हिवताप
• चांदीपुरा विषाणू
• सिकलसेल
• गडचिरोली जिल्हा
• लोकबिरादरी प्रकल्प